एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, घरून पैसे थांबलेत. स्टेटस (इथे राहण्याचा कायदेशीर दर्जा) न बिघडवता काय करता येईल?

नवी_पालवी
नमस्कार. अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात एम.एस. करतेय. पहिलं वर्ष पूर्ण झालं, ग्रेड चांगले आहेत. उन्हाळ्यात बाबांची बायपास झाली. त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, ते तेव्हापासून बंदच आहे. माझं शैक्षणिक कर्ज खर्चाच्या साधारण निम्मंच आहे, बाकी बाबा पाठवत होते. त्यात मी ज्या विभागात काम करत होते त्याचं बजेट कापलं गेलं आणि कॅम्पसवरची नोकरीही गेली. या सेमिस्टरच्या फीचा पहिला हप्ता कसाबसा भरला, पुढच्याला पैसे नाहीत.

दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, तीनपैकी दोन कोर्स ड्रॉप करायचे म्हणजे तेवढी फी वाचेल. दुसरा, ओळखीच्या एका दुकानात रोखीवर काम मिळतंय. रूममेट म्हणते, सगळेच करतात. इंटरनॅशनल ऑफिसला सांगायची भीती वाटते. पैसे नाहीत हे कळलं तर आय-२० (विद्यापीठ देतं ते व्हिसा-पात्रतेचं पत्र) रद्द करतील ना? घरी यातलं काही सांगितलेलं नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

काजवा
पालवी, आधी बाबांची तब्येत सुधारो. मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे संपणं हा स्टेटसचा भंग नाही. पैसे संपले म्हणून न विचारता उचललेलं पाऊल मात्र भंग ठरू शकतं, आणि तू लिहिलेले दोन्ही पर्याय नेमके त्यातलेच आहेत. त्यामुळे उद्याच डीएसओची (इंटरनॅशनल ऑफिसातल्या, तुझं एफ-१ रेकॉर्ड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) वेळ घे. आर्थिक अडचण सांगितली म्हणून कुणी आय-२० रद्द करत नाही. कोर्स गुपचूप ड्रॉप केले तर मात्र डीएसओच्या हातात काही उरत नाही, कारण तुझी नोंदणी पूर्णवेळ नसल्याचं त्यांना सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी यंत्रणेत) कळवावंच लागतं.

कोर्स कमी करायची परवानगी असते, पण तिची कारणं नियमात ठरलेली आहेत: आजारपण, सुरुवातीच्या काळातल्या काही शैक्षणिक अडचणी, किंवा शेवटचं सेमिस्टर. पैशांची अडचण त्यात नाही. आणि ही परवानगी ड्रॉप करण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही. या ताणाने तुझी स्वतःची तब्येत खरोखर बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखव आणि डीएसओला सांग. ते कारण ग्राह्य धरलं जातं.

आता तुझ्या उपयोगाची गोष्ट. एफ-१ च्या नियमात 'सिव्हिअर इकॉनॉमिक हार्डशिप' नावाची कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी आहे. अटी अशा: एफ-१ वर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं, अभ्यासात प्रगती ठीक असावी, अडचण अनपेक्षित आणि तुझ्या हाताबाहेरची असावी, आणि कॅम्पसवरचं काम मिळत नसावं किंवा पुरत नसावं. आपली चूक नसताना कॅम्पसवरची नोकरी जाणं, पैसे पुरवणाऱ्याची परिस्थिती अचानक बदलणं, वैद्यकीय खर्च, चलनाचा दर खूप घसरणं ही कारणं नियमातच लिहिली आहेत. तुझ्याकडे त्यातली दोन तरी स्पष्ट आहेत.

डीएसओ शिफारस करून नवा आय-२० देतात. त्यानंतर ३० दिवसांच्या आत आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) करायचा, वर्गवारी सी-३-३. एप्रिल २०२४ मध्ये कागदी अर्जाची फी ५२० डॉलर झाली. भरण्याआधी त्यांच्या साइटवरचा ताजा आकडा बघ. मंजुरी एका वेळी एक वर्षाची मिळते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. काम अभ्यासाच्या विषयातलंच हवं असंही नाही, आणि यामुळे पुढची ओपीटी (शिक्षणाच्या विषयात काम करण्याची परवानगी) कमी होत नाही. फक्त एक लक्षात ठेव, विद्यापीठ बदललं की ही परवानगी संपते.

कामाच्या परवानगीचं कार्ड हातात येईपर्यंत एक तासही काम करायचं नाही. कार्ड यायला काही महिने लागू शकतात, म्हणून हे या महिन्याच्या भाड्याचं उत्तर नाही. पण पुढच्या सेमिस्टरचं होऊ शकतं.

दोन_किनारे
रोखीच्या कामाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. तिकडे पाऊल टाकू नकोस. 'सगळेच करतात' म्हणणाऱ्यांपैकी कुणीही उद्या तुझ्या मागे उभं राहणार नाही.

इतर कारणाने स्टेटस गेलं, समजा फी न भरल्यामुळे नोंदणी झाली नाही, तर पाच महिन्यांच्या आत आय-५३९ हा फॉर्म भरून ते परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाची एक अट अशी आहे की तू विनापरवानगी काम केलेलं नसावं. म्हणजे दुकानातले ते थोडे डॉलर परतीचं दारच बंद करतात. शिवाय अशा ठिकाणी मालकाने पगार बुडवला तर मुलं तक्रार करायलाही घाबरतात. हे मी ओळखीच्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

फूड डिलिव्हरीची ॲप्स, दुसऱ्याच्या नावावरचं खातं, तासावर घरगुती शिकवण्या हे सगळं यातच येतं. इथे बसून भारतातल्या कंपनीचं ऑनलाइन काम करायचा विचार असेल, तर विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा सेवेकडून किंवा इमिग्रेशन वकिलाकडून आधी सल्ला घे.

उंबरठा
वरचे दोन्ही प्रतिसाद नीट वाच. मी फक्त या महिन्यापुरतं लिहितो.

बर्सर ऑफिसात (फी घेणाऱ्या विभागात) जाऊन हप्ते वाढवून माग. तोंडी नको, ईमेल कर आणि डीएसओला सीसीमध्ये ठेव. बाकी फीमुळे खात्यावर 'होल्ड' लागला तर पुढच्या सत्राची नोंदणी अडते, आणि ती नोंदणी सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत सेव्हिसमध्ये जावी लागते. खरी घड्याळाची टिकटिक ती आहे.

डीन ऑफ स्टुडंट्सकडे बहुतेक ठिकाणी इमर्जन्सी ग्रँट असते. रक्कम लहान असते, पण परत करायची नसते. फेडरल मदत एफ-१ ला मिळत नाही, पण विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीला तो नियम आपोआप लागू होत नाही, म्हणून अर्जात स्वतःहून माघार घेऊ नकोस. कॅम्पसवर फूड पँट्री (मोफत शिधा मिळण्याची जागा) असेल तर संकोच न करता जा. ती विद्यार्थ्यांसाठीच असते आणि सरकारी फूड स्टॅम्पशी तिचा संबंध नसतो.

नोकरी फक्त आपल्या विभागात शोधायची असं नाही. लायब्ररी, डायनिंग हॉल, आयटी हेल्पडेस्क, दुसऱ्या विभागाची ग्रेडरशिप, सगळीकडे अर्ज टाक. नकाराचे ईमेल जपून ठेव, हार्डशिपच्या अर्जात 'कॅम्पसवर काम मिळत नाही' हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

आणि कर. भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना नॉन-रेसिडेंट असतानाही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. गेल्या वर्षीच्या १०४०-एनआरमध्ये (नॉन-रेसिडेंटच्या कर विवरणपत्रात) ते घेतलंय का बघ. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन व आरोग्य विम्याचा कर) कापलं असेल तर तेही परत मागता येतं, कारण एफ-१ वरच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत ते साधारणपणे लागू नसतं.

नवी_पालवी
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डीएसओला भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हार्डशिपसाठी कागद गोळा करायला सांगितले. दुकानाला नाही कळवलं. कोर्सही तिन्ही ठेवले आहेत. दोन प्रश्न उरलेत. काहीच जमलं नाही आणि परत जावं लागलं, तर सगळं संपतं का? आणि बाबांच्या हॉस्पिटलचे, वर्कशॉपचे काही कागद मराठीत आहेत, ते चालतील का?

सातबारा
मी भारतात बँकेच्या कर्ज विभागात होतो, तेवढ्यापुरतं लिहितो. घरी आजच सांग. बाबा सहकर्जदार असतील तर त्यांच्याशिवाय बँकेत काही हलणार नाही. चालू शैक्षणिक कर्जात वाढ मागता येते, पण साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात. बाबांचं उत्पन्न थांबलेलं असताना दुसरा कमावता सहकर्जदार, काका किंवा मामा, जोडता येतो का ते शाखेत विचारा. विद्यापीठाचं फीचं ताजं पत्र सोबत न्या, त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

नातेवाईक स्वतःचे पैसे पाठवत असतील तर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही. त्यापुढे कापला तरी पाठवणाऱ्याला तो रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो.

काजवा
परत जावं लागलं तरी सगळं संपत नाही, फक्त न सांगता जायचं नाही. डीएसओकडून 'ऑथोराइज्ड अर्ली विथड्रॉवल' (मध्येच शिक्षण थांबवण्याची परवानगी) घेऊन गेलीस तर देश सोडायला १५ दिवस मिळतात आणि रेकॉर्डवर भंगाची नोंद राहत नाही. पाच महिन्यांच्या आत परतणार असशील तर तेच सेव्हिस रेकॉर्ड पुन्हा सुरू करता येऊ शकतं. त्याहून उशीर झाला तर नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलरची सेव्हिस फी, आणि सीपीटी (शिक्षण चालू असताना विषयातल्या कामाची परवानगी) व ओपीटीसाठी लागणारं एक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं. विद्यापीठाकडून सेमिस्टर सोडल्याचा परतावा किती मिळेल हे तारखेवर ठरतं, म्हणून निर्णय लांबवू नकोस. कमी फीच्या विद्यापीठात ट्रान्सफर हा पर्यायही आहे, पण तो रेकॉर्ड सुरू असतानाच करायचा. तिथे पैशांचा पुरावा नव्याने लागेल आणि क्रेडिट्स किती धरले जातील हे आधी लेखी घे.

मराठी कागद चालतात, सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. भाषांतर करणाऱ्याने ते पूर्ण आणि अचूक असल्याचं, आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं लिहून सही करायची. तो व्यावसायिक भाषांतरकार असायलाच हवा असं नाही, पण तू स्वतः करू नकोस. डिस्चार्ज समरी, बिलं आणि वर्कशॉप कधीपासून बंद आहे हे दाखवणारा एखादा कागद एवढं आधी मागव. मला व्यनि कर, भाषांतर मी करून सही करून देते.