प्रतिसाद : पहिल्या डोसाची वयोमर्यादा
पाणी उकळून दिले की रोटाव्हायरसची (लहान बाळांना जुलाब लावणाऱ्या विषाणूची) भीती उरत नाही, हे वरचे म्हणणे मला पटले नाही. हा विषाणू हातांवरून, खेळण्यांवरूनही पसरतो आणि थंडीत, म्हणजे आमच्या तासगावात द्राक्षांची काढणी सुरू होते त्या सुमारास, अधिक आढळतो. लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात, परंतु राहिलेला पहिला डोस वर्षाच्या आतच मिळतो, हे कोणी लिहिलेले दिसले नाही. सूनबाई माहेराहून परतण्याच्या गडबडीत आमच्या नातीचा तो चुकला होता. चौथ्या महिन्यात आशाताईंनी कार्डावरचा रिकामा चौकोन पाहिला आणि उपकेंद्रात नेऊन तो पाजून घेतला. (इतर कारणांचे जुलाब या लसीने थांबत नाहीत, तेव्हा ओआरएसची पुडी घरात हवीच.)