मदत हवी आहे: घरी गोल्फ क्लब जोडताना लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत मोजायची?

नमस्कार मंडळी,

मुलीसाठी घरीच आयर्नचा (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबचा) संच जोडतोय. ५ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (यातला सगळ्यात आखूड) सहा क्लब. डोकी आणि स्टीलचे शाफ्ट (दांडे) भाच्याने अमेरिकेहून आणले, मोजून सहाच. एखादा आखूड कापला गेला तर दुसरा मिळायला त्याच्या पुढच्या फेरीची वाट बघावी लागेल. म्हणून हत्यार लावण्याआधी विचारतोय.

चाकणला टूलरूममध्ये २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे मिलिमीटरची मला भीती नाही. माझी अडचण वेगळी आहे: डेटम, म्हणजे माप जिथून सुरू करायचं ती जागा, कुठली धरायची? शाफ्ट तिरका, सोल (डोक्याचा तळ) गोलाई असलेला, टाचेला (डोक्याच्या शाफ्टकडच्या टोकाला) कोपरा नाही. ठरवलेली मापं अशी: ५ आयर्न ३८ इंच, पुढे प्रत्येकी अर्धा इंच कमी, म्हणजे ७ आयर्न ३७ आणि वेज साडेपस्तीस.

७ आयर्न नुसता कोरडा बसवला, बटाकडे (शाफ्टच्या वरच्या, हातात धरायच्या टोकाकडे) खूण केली आणि तिथपर्यंत तीन तऱ्हांनी मोजलं.

हातात टेप धरून टाचेपासून: ९३६, ९४१, ९३९ मिमी. दर वेळी वेगळं, म्हणून ही पद्धत सोडली.

क्लब खेळताना टेकतो तसा फरशीवर टेकवून, शाफ्टच्या मागे स्टीलची पट्टी उभी लावून: ९४१.५.

टेबलावर शाफ्ट आडवा ठेवून, सोल ६० अंशाच्या ठोकळ्याला टेकवून: ९४०.

दीड मिलिमीटर सोडूनही दिला असता. पण हेच इतर डोक्यांवर केलं तर ५ आयर्नला फरक जेमतेम १ मिमी आणि वेजला पूर्ण ३ मिमी येतो. म्हणजे एका पद्धतीने अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्या बरोबर पाडल्या की दुसऱ्या पद्धतीने त्या बिघडतात. खरं माप कुठलं? आणि ग्रिपची (मुठीवरच्या रबरी आवरणाची) टोपी लांबीत धरायची की नाही?

प्रतिसाद: चिंचवडकर

दादा, तुमची ठोकळ्याची पद्धत हीच नियमातली पद्धत आहे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या साधनांच्या नियमांत वुड (मोठ्या डोक्याचे लांब क्लब) आणि आयर्नची लांबी अशीच मोजतात: क्लब आडव्या पृष्ठभागावर, सोल ६० अंशाच्या पृष्ठभागाला टेकलेला, आणि ही दोन पृष्ठं जिथे मिळतात तिथपासून ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंत. टोपी धरायची. म्हणजे तुमचा डेटम क्लबवर नाहीच, तो त्या दोन पृष्ठांच्या छेदरेषेवर आहे. टूलरूमच्या माणसाला हे लगेच पटेल. पटरचं (शेवटी चेंडू होलकडे ढकलायच्या क्लबचं) वेगळं आहे, तिथे शाफ्टच्या अक्षाच्या रेषेत सोलपर्यंत मोजतात.

नियमाप्रमाणे क्लब किमान १८ इंच हवा, पटर सोडून कमाल ४८. जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या आयोजकांना स्थानिक नियम लावून कमाल ४६ करता येते. आयर्नला याचा प्रश्नच येत नाही, हा विषय ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब वुडचा.

फरक वाढत का जातो? ठोकळा कायम ६० अंशाचा, पण डोक्यांचा लाय (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) बदलतो. तुमचा ५ आयर्न ६१ च्या आसपास आणि वेज ६४ च्या आसपास असणार. लाय ६० पासून जितका उभा, तितकी ठोकळ्यावरची लांबी फरशीवरच्यापेक्षा कमी येते. दोन्ही मापं खरी आहेत, फक्त मिसळू नका. मी ठोकळाच घेईन, कारण क्लब टेबलावर पडून राहतो आणि दोन्ही हात मोकळे असतात. फरशीवर लाय हाताने सांभाळावा लागतो, तिथेच चूक होते.

ठोकळा कशावर तपासलात? माझा पहिला ठोकळा मी मुलाच्या कंपासमधल्या ३०-६०-९० च्या गुण्यावरून आखला होता. आजही तोच वापरतो.

प्रतिसाद: नाशिकची गोल्फर

मोजण्याइतकाच क्रम महत्त्वाचा. शाफ्ट ०.३७० इंची पॅरलल टिपचे (डोक्यात जाणारं टोक एकाच जाडीचं) असतील तर आधी टिप कापायची, शाफ्ट बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे. ०.३५५ चे टेपर टिप (टोक निमुळतं) असतील तर टिपेला हात लावू नका. मग फेरूल (डोक्याच्या सांध्यावरचं प्लास्टिकचं कडं) आणि डोकं इपॉक्सीने चिकटवा, २४ तास ठेवा, आणि त्यानंतरच बटाकडून अंतिम लांबी कापा. कोरडं बसवून कापलेलं माप चिकटवताना हमखास हलतं.

ग्रिपची टोपी साधारण एक सूत, म्हणजे ३ मिमी जाड असते. ३७ इंचाचा क्लब हवा तर शाफ्ट ३६ इंच ७ सुतांवर कापा. पण आधी तुमच्या ग्रिपची टोपी खरंच मोजा. एक सरळ सळई टोपीला टेकेपर्यंत आत घालून खोली घ्या आणि ती ग्रिपच्या एकूण लांबीतून वजा करा.

टेपचे आकडे हलत होते त्याचं एक कारण तुमचा हात, दुसरं टेपच्या टोकाचा हूक. तो मुद्दाम सैल असतो, ओढून आणि ढकलून मोजताना स्वतःच्या जाडीएवढा सरकतो. इथे स्टीलची पट्टीच हवी.

स्टीलला पाइप कटर चालेल. पुढे ग्रॅफाइटचे (कार्बनच्या धाग्यांचे) शाफ्ट घेतलात तर पाइप कटर अजिबात नको, धागे चिरडतात. मास्किंग टेप गुंडाळून बारीक दाताच्या हॅकसॉने कापा.

आणि ३ मिमीला हलकं समजू नका. अर्ध्या इंचाला स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) साधारण ३ पॉइंट बदलतं, म्हणजे एका सुताला पाऊण पॉइंट. सवयीच्या हाताला संचातला एकच क्लब वेगळा लागतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ताई, शाफ्ट ०.३७० चे पॅरलल आहेत. तुमचं वाचून सगळी डोकी परत तपासली. ८ आयर्नच्या होझलमध्ये (शाफ्ट बसतो त्या डोक्याच्या नळीत) तळाशी बारीक बर (धातूची उरलेली कोर) होती, शाफ्ट २ मिमी वरच अडकत होता. तसाच चिकटवला असता तर कितीही नेमकं मोजून उपयोग झाला नसता. आता बर काढली आणि प्रत्येक शाफ्टवर होझलच्या खोलीची खूण केली.

ठोकळाही साइन बारवर (कोन नेमका मोजायच्या साधनावर) तपासून घेतला, बरोबर ६० आहे. ग्रिपची टोपी भरली ३.४ मिमी, म्हणून एका सुताऐवजी तेवढंच सोडणार.

एकच शंका उरली. मुलगी अजून वाढते आहे, १४ वर्षांची आहे. बटाकडे पाव इंच जादा ठेवून वर्षभर तिला ग्रिप थोडी खाली धरायला सांगू, की आत्ताच बरोबर मापाला कापू?

प्रतिसाद: नाशिकची गोल्फर

बरोबर मापाला कापा. खाली धरायची सवय लागली की सोडवणं कठीण. वाढली तर बटात घालायचे एक्स्टेंशन रॉड मिळतात, अर्धा-एक इंच त्याने सहज वाढतो.

धागाकर्ता

ठरलं. शनिवारी डोकी चिकटवतो, रविवारी संध्याकाळी कापतो. ग्रिप चढल्यावर सहाही मापं इथे लिहितो.