मदत हवी आहे: प्रयोगशाळेच्या नोंदी जोडताना सीमा कुठे ठेवायची?

नमस्कार मंडळी,

राष्ट्रीय पातळीवरच्या प्रयोगशाळा नोंदी जोडून, एकाच वेळी अनेक जुनाट आजार असलेल्या रुग्णांचा अभ्यास करायचा आहे. डेन्मार्कसारखा 1968 पासूनचा नागरिक क्रमांक हाताशी नाही. नाव, जन्मतारीख, लिंग आणि दवाखाना किती जुळतात त्याला गुण देऊन संभाव्यतेने जोडणी करावी लागते; गुण एका सीमेच्या वर गेले की दोन नोंदी एकाच माणसाच्या धरायच्या. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीचा राष्ट्रीय कोहोर्ट (दीर्घकाळ पाठपुरावा होणारा रुग्णगट) असाच उभा राहिला, म्हणजे वाट आहे.

जोडणी सैल ठेवली तर एकीचा मधुमेह आणि तिच्याच नावाच्या दुसरीचा मूत्रपिंडविकार एकाच बाईच्या खात्यावर पडतो. दोन आजारांची रुग्ण निव्वळ कागदावर तयार होते! घट्ट केली तर उलटंच. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचा अंदाज) किमान 3 महिने 60 च्या खाली असेल, तर त्यावरून जुनाट मूत्रपिंडविकार धरतो. पण आडनाव एकदा वेगळं लिहिलं गेलं की दोन तपासण्या दोन माणसांच्या होतात आणि निदान निसटतं. एकाच आजाराच्या अभ्यासात हे थोडंफार खपतं, इथे मुळावरच येतं.

ईजीएफआर ज्यावरून काढतात त्या रक्तातल्या क्रिएटिनिनचे मायक्रोमोल प्रति लिटरमधले आकडे 88.4 ने भागून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणले आहेत, तो प्रश्न नाही.

तुम्ही जुळणीच्या गुणांची सीमा कशी ठरवलीत? हाताने तपासलेला नमुना कसा निवडलात? जोडणीतली अनिश्चितता शेवटच्या आकड्यापर्यंत कशी नेता? आणि ज्यांची एचबीएवनसी (मधुमेह ओळखायची रक्ततपासणी) कधी झालीच नाही, त्यांना मधुमेह नाही असं धरणं मला अजिबात पटत नाही. अशांचं काय करता?

आर किंवा पायथनमधला कोड असेल तर फारच उत्तम.