दिवाळीत मुलांना घेऊन परदेशी – मदत हवी आहे (अर्जंट)

चिंचगूळ: दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब बाहेर जातोय. तिकिटं झाली, हॉटेल बाकी आहे. मुलांना घेऊन पाच दिवसांत काय काय बसेल? टूर कंपन्यांची पॅकेजं सुचवू नका, सगळीकडे विचारून झालंय. जुने धागे चाळायला वेळ नाही. लवकर सांगा प्लीज.

सह्यवेडा: कुठे जाताय ते सांगितलंत तर बरं होईल :)

भटकभवानी: आणि मुलं केवढी? तान्हं बाळ आणि दहावीतला घोडा, दोघांची सहल एक नसते. खाण्याचं काय?

नानाकाका: परदेश हवाच कशाला? तारकर्लीला जा. व्हिसा नको, डॉलर नकोत, वर सोलकढी. आमची पोरं सुट्टीत आजोळी जायची, त्यांचं काही अडलं नाही.

चिंचगूळ: सिंगापूर हो! मुलगी नऊ, मुलगा पाच. शाकाहारी, अंडं चालतं. नाना, तारकर्ली झालीये.

झणझणीत: मलेशियाने डिसेंबर 2023 पासून आपल्याला व्हिसामाफी दिली, तिकडे का नाही? तिथलं लंकावी बेट सिंगापूरपेक्षा निवांत आहे. पोरांना समुद्र द्या, मॉल नको.

भटकभवानी: तिकिटं काढलीत म्हणतेय ती. वाचा की.

मुंजाबा: जुरोंग बर्ड पार्क अजिबात चुकवू नका. आमची मुलं तिथून निघायलाच तयार नव्हती.

सेरंगूनकर: ते जानेवारी 2023 मध्येच बंद झालं. पक्षी आता मंडाई भागात, बर्ड पॅराडाइजमध्ये. झू आणि नाइट सफारीही तिथेच, पण एका दिवसात तिन्ही कोंबू नका, पाच वर्षांचं पोर कडेवर येतं आणि मग उतरत नाही. नाइट सफारी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. आपलं घड्याळ अडीच तास मागे असतं, त्यामुळे इथले रात्रीचे दहा वाजले तरी मुलांना साडेसातच वाटतात. चार दिवसांनी तेच पोर आठलाच पेंगतं.

युनिव्हर्सल स्टुडिओजला मोठ्या राइड्सवर उंची मोजतात. धाकट्याला बऱ्याच मिळणार नाहीत, तेव्हा एक मोठं माणूस त्याच्यापाशी थांबेल हे आधीच ठरवा, नाहीतर रांगेत भांडणं. गार्डन्स बाय द बेमधल्या सुपरट्रीचा (झाडासारखे उंच मनोरे) संध्याकाळचा लाइट शो फुकट आहे. नोव्हेंबरात दुपारी धो धो पाऊस येतो, त्या वेळेला काचेच्या घुमटातलं क्लाउड फॉरेस्ट ठेवा. जेवणाची काळजी नको, लिटिल इंडियात कोमला विलासला पोटभर डोसे मिळतात. हॉटेलही तिथेच बघा, दिवाळीची रोषणाई आयती.

मेट्रोत मात्र मुलांना बिस्किटसुद्धा देऊ नका. दंड 500 सिंगापूर डॉलरपर्यंत आहे.

नानाकाका: बिस्किटाला दंड! म्हणून म्हणतो तारकर्ली.

सह्यवेडा: व्हिसा झाला का? सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत बघा. प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक लागतात.

चिंचगूळ: व्हिसा एजंटकडे देणारच आहे. मुलाचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. आम्ही तर नोव्हेंबरातच परत येतो, मग काय अडचण?

सह्यवेडा: अडचण हीच. विमानतळावर चेक-इनलाच अडवतील. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे हे फार घरांत होतं. सगळं सोडा आणि आजच रीइश्यूचा (नव्या पासपोर्टचा) अर्ज भरा. फी 1000 रुपये, तत्काळचे वर 2000. अनेक्शर डीवर, म्हणजे पालकांच्या संमतीच्या फॉर्मवर, आईवडील दोघांच्या सह्या लागतात.

चिंचगूळ: नवरा दोह्यात आहे. तो थेट सिंगापूरला येणार.

भटकभवानी: हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं गं!

झणझणीत: मग अनेक्शर सी भरा, एकाच पालकाच्या सहीवर काम होतं. माझ्या मेहुणीने तेच केलं.

सह्यवेडा: सी कशाला? दुसऱ्या पालकाची संमती मिळतच नसेल तेव्हासाठी आहे तो. इथे बापाची संमती आहे, फक्त बाप दूर आहे. त्याने तिथल्या भारतीय दूतावासातून प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून मूळ प्रत कुरियरने पाठवायची, तुम्ही डीवर सही करायची. तुमच्या मेहुणीचं प्रकरण वेगळं असेल.

झणझणीत: वेगळं काही नव्हतं. पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात झालं तिचं.

सह्यवेडा: खोटं लिहून दिलं की होतंच.

सेरंगूनकर: भांडण नंतर. ताई, दिवाळीचा फराळ आणणार असाल तर अनारसे घरी ठेवा, आणि करंजीच्या सारणात खसखस असेल तर करंज्याही. खसखस इथे सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. चकल्या, शंकरपाळे बिनधास्त आणा.

मुंजाबा: अनारशाला खसखस न लावता रवा लावला तर? आमच्याकडे तसेच करतात.

भटकभवानी: रवा?? जाळी कशी दिसते मग? पाककृती टाका.

चिंचगूळ: नवऱ्याला दूतावासाची अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलंय. अर्जाची तारीख आधी घेऊ की प्रतिज्ञापत्र हातात आल्यावर?

सह्यवेडा: अर्ज आणि फी आज भरा, तारीख कुरियर पोचेल त्या अंदाजाने घ्या. मुलाला आणि त्याचा जुना पासपोर्ट बरोबर न्या.

हळदकुंकू: सगळं वाचलं नाही, पण दुबई बघा ना. नोव्हेंबरात हवा छान असते.