मदत हवी आहे: हर-टू २+ आलंय, फिश टेस्ट कुठे करावी?
आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मावशीच्या स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आलाय, त्यात हर-टू या प्रथिनाची पातळी '२+' आहे. डॉक्टर म्हणाले, हे प्रथिन निरोगी पेशींच्या पृष्ठभागावरही असतं, पण थोडं; काही कॅन्सरमध्ये त्याची नुसती गर्दी होते. ३+ असतं तर ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाचा विचार सरळ करता आला असता. २+ म्हणजे अधांतरी, म्हणून हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट करायची.

मावशी त्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून विचारते, "हे चांगलं का वाईट गं?" मला उत्तर देता येत नाही.

सांगली-मिरजेत कुणी ही टेस्ट केलीय का? बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेला मेणातला ब्लॉक लॅबमधून आपणच मागून न्यायचा का? खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांत? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.