मदत हवी आहे: अशक्त कोकरू बाटलीवर नेमकं कधी घ्यायचं?

उभी_काठी
मेंढी व्यायली, दोन कोकरं. एक ठणठणीत, दुसरं उभं राहतं आणि लगेच बसतं. आई रोड आहे. बाटली सुरू करू की थांबू? घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं आत्ताच काढ, दुसऱ्याचं म्हणणं आईपासून तोडलंस की गेलंच समज. अशाच रोड मेंढ्या अजून व्यायच्या आहेत, म्हणून एकदाच काय तो नियम कळला तर बरं. लवकर सांगा. 'आधी जुने धागे वाचा' नको, वाचून झालेत.

पान्हा
कधी व्यायली? चीक प्यायलंय का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

रानभूल
थांबू नका, बाटली धरा. मी तर अशक्त दिसलं की पहिल्याच दिवशी आईपासून वेगळं करतो. ना आईची कटकट, ना कोण किती प्यायलं याचा घोळ. किती मिली पाजलं ते आपल्याला माहीत असतं.

मोकळा_कळप
आणि मग महिनाभर दिवसरात्र तेच करत बसा. बाटलीवरचं कोकरू कळपात मिसळत नाही, माणसामागे ओरडत फिरतं. जे जगायचं ते आईपाशी जगतं.

रानभूल
जे मरायचं ते पण आईपाशीच मरतं, तेही लिहा.

उभी_काठी
पहाटे व्यायली. चीक प्यायलं असेल, आईच्या खाली तोंड घालताना पाहिलंय. आईने चाटून कोरडं केलंय. दूध आहे, कास मोठी आहे.

पान्हा
तोंड घालणं म्हणजे पिणं नव्हे. सड तोंडात न धरता नुसत्या ढुशा देणारी कोकरं मी भरपूर पाहिली आहेत. आता तीन गोष्टी करा. एक, तोंडात बोट घाला. तोंड गार आहे का, आणि बोट चोखतंय का? दोन, पोटाला हात लावा. भरलेलं पोट बरगड्यांमागे गच्च लागतं, उपाशी असेल तर खपाटीला गेलेलं असतं. तीन, थर्मामीटर गुदद्वारात. मग बोलू.

शेळीच_बरी
तुमच्याकडे ताजी व्यायलेली शेळी आहे का? असेल तर प्रश्नच मिटला. मी कोकरं शेळीखालीच वाढवतो. शेळी उभी राहते, लाथा कमी मारते, बाटली धुवायला नको. मेंढीपेक्षा शेळी कधीही

पान्हा
त्यांनी शेळीचं विचारलेलं नाही.

उभी_काठी
बोट चोखतं, पण जोर नाही. तोंड फार गार नाही, कोमट म्हणता येईल. पोट मऊ लागलं. ताप १००.६.

रानभूल
१००.६ म्हणजे ताप आहे! आधी तापाचं औषध द्या.

गोठ्यातली_डॉक्टर
कृपया काहीही देऊ नका. माणसाचा आकडा कोकराला लावू नका. कोकराचं नेहमीचं तापमान ३९ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण १०२ ते १०४. १००.६ म्हणजे ते थंड पडायला लागलंय. ३७ ते ३९ सेल्सियसच्या मधलं कोकरू मान धरत असेल आणि चोखत असेल, तर कोरडं करायचं, पोटात चीक घालायचा, ऊब द्यायची. बहुतेक वेळा ते वर येतं.

३७ च्या खाली (फॅरनहाइट ९८.६) गेलेलं कोकरू ही वेगळी गोष्ट. त्यात जन्माला पाच तासांहून जास्त झाले असतील आणि मान टाकली असेल तर त्याला आधी दिव्याखाली ठेवायचं नाही. अंगातली साखर संपलेली असते, ऊब मिळाली की झटके येतात आणि मरतं. आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब, मग दूध. इंजेक्शन डॉक्टरनेच द्यायचं. आणि मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात बाटली अजिबात घालू नका, दूध फुप्फुसात जातं.

वजन किती आहे त्याचं?

उभी_काठी
हाताला तीन किलो वाटतं. पण माझा प्रश्न बाटलीवर कधी घ्यायचं हा होता.

गोठ्यातली_डॉक्टर
त्याचंच उत्तर देतेय. पहिल्या पाजणीला किलोमागे ५० मिली चीक, म्हणजे तुमच्या कोकराला १५०. पहिल्या चोवीस तासांत मिळून किलोमागे २००, म्हणजे सुमारे ६००. पहिली पाजणी दोन तासांच्या आत झाली तर उत्तम, उशिरात उशिरा सहा तासांत. चिकातली रोगाशी लढणारी प्रथिनं आतड्यातून रक्तात जाण्याची वाट दिवसभरात बंद होते, पुढे कितीही पाजा. आत्ता द्यायचा तो चीक. त्यासाठी बाटली वापरली म्हणजे कोकरू बाटलीवर काढलं असं होत नाही. पाजा आणि परत आईजवळ सोडा.

मोकळा_कळप
हेच मी म्हणत होतो.

रानभूल
तुम्ही 'जे जगायचं ते जगतं' म्हणत होतात.

नवखा_मेंढपाळ
धाग्यात घुसल्याबद्दल माफी. माझा मेंढा लहानपणी बाटलीवर वाढलेला, आता दीड वर्षाचा. दार उघडलं की धावत येऊन ढुशी मारतो. काल पाण्याची बादली उडवली. काय करावं?

शेळीच_बरी
बोकड असं करत नाही.

पान्हा
बोकड करतो, तुम्हाला अजून मारलेली नाही इतकंच. नवखा, माणसाच्या हातावर वाढलेल्या नराला माणसाची भीती राहत नाही. लहानपणी कपाळ चोळत खेळलात तर तो त्याला लढाईचं निमंत्रण समजतो. आता त्याच्याकडे पाठ फिरवू नका. बाकी स्वतंत्र धागा काढा. उभी_काठी, चीक त्याच मेंढीचा काढलात का?

उभी_काठी
काढायला बसले. एका बाजूने छान येतोय, पिवळा, घट्ट. दुसरी बाजू कडक आहे, मेंढी हात लावू देत नाही.

पान्हा
कडक म्हणजे चिकाने तटतटलेली की दगडी?

उभी_काठी
गरम आहे. धार पाण्यासारखी, मध्ये गुठळ्या.

गोठ्यातली_डॉक्टर
'कास मोठी आहे' चा अर्थ हा निघाला. हा कासदाह आहे. डॉक्टरांना आजच बोलवा. कातडी निळसर-काळी आणि गार पडायला लागली तर तासही दवडू नका, तशी मेंढीसुद्धा हातची जाते. खराब बाजूचं दूध कोकराला पाजू नका, पिळून फेका आणि हात धुवा. चांगल्या बाजूचा चीक आधी काढा, खराब बाजूला नंतर हात लावा.

आणि कोडं सुटलं. ठणठणीत कोकरू चांगल्या सडावर ठाण मांडून आहे. दुसरं कडक बाजूकडे जातं, मेंढीला दुखतं, ती लाथ मारते. ते जन्मतः अशक्त होतं की उपाशी राहून अशक्त झालं, कोण जाणे.

रानभूल
मग तर बाटलीच! एका सडावर दोन कोकरं कशी वाढणार? अशक्त काढा.

काळी_घोंगडी
रानभूल, उलट करा. मी नेहमी दांडगं कोकरू काढतो. दांडग्याला बाटली शिकवायला वेळ लागत नाही, दुसऱ्या मेंढीला लावलं तरी ते हट्टाने पितं. अशक्ताला आईजवळ स्पर्धाच राहिली नाही की अख्खा सड त्याचा. लोक दया येते म्हणून अशक्त उचलतात आणि बाटलीवर त्याला हगवण लागते.

रानभूल
आणि अशक्ताने आईचा सड धरलाच नाही तर? दांडगं बाटलीवर, अशक्त उपाशी, मेंढी आजारी. तिन्ही गेली.

काळी_घोंगडी
म्हणून आधी दोन-तीन वेळा बाटलीने चीक पाजून त्याला उभं करायचं, मग दांडगं काढायचं. आंधळेपणाने नाही.

रानभूल
हे पहिल्या प्रतिसादात नव्हतं.

पान्हा
काळी_घोंगडीशी सहमत, एक अट घालून. मेंढी तापलेली असेल, खात नसेल, तर तिच्याखाली एकही ठेवू नका. फक्त कास बिघडलीय आणि बाकी ती चरतेय, कोकराला हुंगून हुंकारतेय, तर एक ठेवता येतं. उभी_काठी, मेंढी खातेय का? आणि नुकतीच व्यायलेली, एकच कोकरू असलेली दुसरी मेंढी आहे का?

उभी_काठी
खातेय. हो, एक कालच व्यायली, तिला एकच आहे. दूध इतकं की सडातून ठिबकतंय.

काळी_घोंगडी
अहो! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

उभी_काठी
बाटलीचं विचारलं होतं, म्हणून बाटलीचं लिहिलं. तिचा काय संबंध?

काळी_घोंगडी
संबंध हाच की दांडगं तिला लावा, बाटली लागणारच नाही. व्यायच्या वेळीच असतं तर तिच्या पाण्याने परकं कोकरू माखून लगेच लावता आलं असतं. आता एक दिवस झालाय, ती आपलं-परकं ओळखते. तिची मान खोड्यात अडकवा, म्हणजे वळून हुंगता येणार नाही. चारा-पाणी तोंडापाशी, बसता-उठता यावं इतकी दोरी सैल. दोन्ही कोकरं खाली सोडा. तिचं दूध परक्याच्या पोटातून गेलं की त्याच्या शेणाला तिच्याच दुधाचा वास येतो, मग ती शेपटीखाली हुंगून मान्य करते. काही दोन-तीन दिवसांत मानतात, काही आठवडा घेतात, काही मानतच नाहीत.

शेळीच_बरी
शेळीला हे काही करावं लागत नाही.

दूधवाला_नातू
कुणी दुधाचं बोललंच नाही. बाटलीची वेळ आलीच तर गाईचं दूध पातळ पडतं. मेंढीच्या दुधात स्निग्धांश सातच्या आसपास, गाईच्या दुधात साडेतीन-चार. म्हशीचं त्या मानाने जवळचं. आम्ही म्हशीचंच पाजतो.

रानभूल
कोकरांसाठीची दूधभुकटी मिळते, ती वापरा. वासरांची नको, काहींमध्ये तांबं जास्त असतं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस अचानक जनावर जातं. गाईंचं खनिज मिश्रणही म्हणूनच मेंढ्यांना घालू नये.

दूधवाला_नातू
तांब्याचं माहीत नव्हतं. पण म्हशीचं दूध चालतं, माझा अनुभव आहे.

गोठ्यातली_डॉक्टर
चालतं, पण आज दूध बदलून उद्या परत बदलू नका. हगवणीचं निम्मं कारण तेच असतं. जे सुरू कराल ते टिकवा. कोमट, साधारण ३९ अंश. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं, एकदम भरपूर पाजलं की पोट फुगतं. कोकरू चारी पायांवर उभं, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेऊन पाजू नका.

मोकळा_कळप
शेपटी छाटायची तर पहिल्या आठवड्यातच छाटा, आणि कानात बिल्लाही

पान्हा
हे कुणी विचारलं?

उभी_काठी
१५० मिली चीक पाजला. सुरुवातीला धरेना, बाटलीच्या बोंडीतून दोन थेंब जिभेवर पिळले तेव्हा ओढायला लागलं. शेवटी शेपटी हलवत होतं. तासाभराने १०२.२. डॉक्टर येऊन गेले, मेंढीला इंजेक्शन दिलं, ती बाजू बहुधा जाईल म्हणाले. त्या औषधामुळे काही दिवस दूध माणसांनी प्यायचं नाही, हेही सांगितलं.

दांडग्याला दुसऱ्या मेंढीखाली सोडलंय. ती पाय आपटते, मान अडकवल्याशिवाय उभी राहत नाही. त्याला कसली फिकीर नाही, मागच्या पायांमधून डोकं घालून पितंय.

आता मूळ प्रश्न. उरलेल्या रोड मेंढ्या व्यायल्या की मी काय बघू?

पान्हा
व्यायल्याबरोबर दोन्ही सडांची एक-एक धार काढून बघा. सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते निघालं नाही तर अशक्त कोकराला ओढता येत नाही. मग तासा-दीड तासाने कोकराच्या पोटाला हात. खपाटीला असेल तर बाटलीने चीक आणि परत आईजवळ. दोन-तीन पाजण्यांनंतरही स्वतः सड धरत नसेल, किंवा आईला दूधच नसेल, किंवा ती मारतच असेल, तेव्हा दुसरी मेंढी शोधा. तीही नसेल तर पूर्ण बाटली.

गोठ्यातली_डॉक्टर
आणि रोज एकाच वेळी वजन. आईजवळ असलेलं कोकरू दिवसाला शंभर ग्रॅमसुद्धा वाढत नसेल, तर ते 'पितंय असं दिसतं' यावर विश्वास ठेवू नका. व्यायच्या आधीच्या मेंढ्यांची कास आत्ता नुसती हाताने चाचपा, धार काढू नका. एखादी कळपामागे रेंगाळत असेल, चारा सोडत असेल, तर पोटात दोन-तीन कोकरं आणि अंगात ताकद नाही असं समजा आणि डॉक्टरांना व्यायच्या आधी बोलवा, नंतर नाही.

रानभूल
मी अजूनही पहिल्या दिवशीच वेगळं करेन.

काळी_घोंगडी
करा. दुसऱ्या मेंढीचं पुढे काय झालं ते कळवा, उभी_काठी. तीन दिवसांनी मान सोडून बघा, पण समोर उभं राहून.

नवखा_मेंढपाळ
माझ्या मेंढ्याचं कुणीतरी सांगा ना.