मदत हवी आहे: भाच्याला ब्रिटनला सीझनल कामाला पाठवायचंय, एजंट साडेतीन लाख मागतोय

नमस्कार मंडळी, यातलं माहिती असलेलं कोणी असेल तर प्लीज लवकर उत्तर द्या, सोमवारपर्यंत पहिला हप्ता भरायचा असं सांगितलंय.

माझा भाचा, वय २३, बारावी झालेला, बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कॉन्ट्रॅक्टवर होता ते काम सुटलं. अलकापुरीतल्या एका एजंटने त्याला ब्रिटनचा सीझनल वर्कर व्हिसा करून देतो म्हणून सांगितलंय, सहा महिने स्ट्रॉबेरी तोडायचं काम, पगार महिना अडीच लाख, राहणं-खाणं फुकट. फी साडेतीन लाख, शिवाय पासपोर्टवर ईसीएनआर (परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणी लागत नाही, अशी नोंद) करायचे आणि टीबी टेस्टचे मिळून पंधरा हजार वेगळे, तिकीट आपलं. आणि वर "छ महिना पछी त्यां ज परमनन्ट थई जशे, बेन" असं ताईला सांगितल्यामुळे ताई आता ऐकतच नाहीये, आईच्या पाटल्या गहाण टाकायला निघालीये.

मुलगा कामाला वाघ आहे, जावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ऑफर लेटरचा फोटो मोठा करून बघितला तर ईमेल जीमेलचा, पत्ता नुसता "केंट, लंडन", आणि स्पॉन्सरशिपचा नंबर कुठेच नाही. विचारलं तर म्हणे तो पैसे भरल्यावर येतो. हे असंच असतं का? खर्च खरा किती येतो? आणि सहा महिन्यांनी खरंच तिथे राहता येतं का?

प्रतिसाद:
ताई, आधी एक करा, सोमवारी एक रुपयाही भरू नका. मी अहमदाबादला व्हिसाचे फॉर्म भरून द्यायचं काम करतो म्हणून सांगतोय.

व्हिसा खरा आहे, २०१९ पासून ही स्कीम चालू आहे. पण त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप कुठलाही शेतकरी किंवा इथला एजंट देऊ शकत नाही, ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेले मोजके स्कीम ऑपरेटर आहेत तेच देतात, त्यांची यादी सरकारी साइटवर आहे. ते सर्टिफिकेट म्हणजे कागद नसतो, ऑनलाइन नोंद असते, तिचा नंबर मिळाल्याशिवाय अर्जच भरता येत नाही. काम मिळवून दिल्याचे पैसे कामगाराकडून घेणं त्यांच्या परवान्यात बसत नाही.

व्हिसाची सरकारी फी २०२५ च्या एप्रिलमध्ये ३१९ पौंड झाली होती, भरायच्या दिवशी पुन्हा बघून घ्या. खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दाखवावे लागतात, स्पॉन्सरने हमी घेतली असेल तर तेही नाही. बोटांचे ठसे अहमदाबादला देता येतात, निकाल साधारण तीन आठवड्यांत. टीबी टेस्ट सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांना लागते, याला नाही. आणि मुलगा बारावी पास आहे म्हणजे पासपोर्ट ईसीएनआरमध्येच बसतो, शिवाय ती तपासणी लागणाऱ्या (ईसीआर) १८ देशांत ब्रिटन येतच नाही, मग पंधरा हजार कसले?

परमनन्टचं तर पूर्ण खोटं. हा व्हिसा तिथे राहून दुसऱ्या व्हिसात बदलता येत नाही, वाढवून सहा महिन्यांच्या पुढे नेता येत नाही, दुसरी पक्की नोकरी धरता येत नाही, बायकापोरांना नेता येत नाही. मुदत संपली की परत यायचं, थांबला तर पुढचे सगळे व्हिसे अडकतात.

दुसरा प्रतिसाद:
पगाराचं गणित मांडते. आठवड्याला कमीत कमी ३२ तासांचे पैसे द्यायचा नियम आहे. २०२५ च्या एप्रिलपासून वर्षभर किमान दर ताशी १२.२१ पौंड होता, म्हणजे आठवड्याला ३९० च्या आसपास. राहणं फुकट नसतं, बहुतेक शेतावरच्या कॅराव्हॅनमध्ये चौघं-पाचजण, त्याचे पैसे पगारातून कापतात, त्याच वर्षी दिवसाला १०.६६ पौंडांपर्यंत कापता येत होते. मग जेवण, फोन. काम जास्त मिळालं तर हातात बरं येतं, पण पाऊसपाणी, पिकाचा हंगाम यावर तास ठरतात. अडीच लाख महिना धरून कर्ज काढू नका. जागाही मर्यादित, २०२५ साठी शेती-फळबागांच्या ४३,००० होत्या आणि बरेचसे कामगार किर्गिझस्तान, ताजिकिस्तान अशा देशांतून जातात, त्यामुळे "आपली सीट पक्की" म्हणणाऱ्यापासून सावध.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, ताईला हे सगळं वाचून दाखवलं, पाटल्या सध्या कपाटात परत गेल्यात. पण मुलाचा ओरिजिनल पासपोर्ट एजंटने "फाइल बनवायला" ठेवून घेतलाय, तो कसा काढायचा?

प्रतिसाद:
पासपोर्ट सरकारची मालमत्ता आहे, अडवून ठेवायचा हक्क त्याला नाही. उद्या दोघं-तिघं मिळून जा, भांडू नका, लेखी अर्ज द्या, पोचवर सही-शिक्का घ्या. नाही दिला तर तोच अर्ज घेऊन पोलीस स्टेशन. जाताना त्याचा रिक्रूटिंग एजंटचा परवाना नंबरही मागा, परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली तो लागतोच, नुसतं ट्रॅव्हलचं रजिस्ट्रेशन चालत नाही. नंबर दिला तर ई-मायग्रेट या भारत सरकारच्या साइटवर तपासा. परवानेवाल्यालाही कामगाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्या वर सर्व्हिस चार्ज घेता येत नाही, आणि रीतसर पावती द्यावी लागते. पासपोर्ट हातात आला की मला इथेच कळवा, ऑपरेटरच्या साइटवर अर्ज कसा करायचा ते सांगतो, तो मुलाला मोबाइलवरूनसुद्धा भरता येईल.